बिनवासाचे केस

थोरलीच्या घरात एकाच फुलाला फूल म्हणायचे. गुलाबाला गुलाब, मोगऱ्याला मोगरा, आणि मॅग्नोलियाला नुसतं फूल. कारखाना बघायला येणारी शिकलेली माणसं नाक पुढे करून "वा, मॅग्नोलिया!" म्हणायची, तेव्हा थोरली अशी बघायची, जसं कुणी तिच्या पोराला शाळेच्या हजेरीतल्या नावाने हाक मारावी.

कारखाना म्हणजे काही धुराडं आणि भोंगा नव्हे. मागच्या अंगणाला लागून एक लांबट खोली, खिडक्यांना जाड पडदे, आणि मांडण्यांवर ओळीने ठेवलेल्या काचेच्या चौकटी. प्रत्येक काचेवर गोठवलेल्या बिनवासाच्या तेलाचा नखभर थर. घरात त्याला लोणी म्हणत. एकदा एका पाहुण्याने ते खरंच पावाला लावून खाल्लं आणि वर "मीठ कमी आहे" म्हणाला. तर त्या लोण्यावर सकाळी ताज्या पाकळ्या पालथ्या पसरायच्या. लोणी त्यांचा वास पीत बसतं. दुसऱ्या दिवशी दमलेल्या पाकळ्या काढायच्या, नव्या ठेवायच्या. असं मोसमभर. शेवटी लोणी भरलं की स्पिरिटमध्ये घुसळून त्याचा अर्क काढायचा, आणि तो अर्क इवल्या बाटल्यांतून मोठमोठ्या लोकांच्या कानामागे जाऊन बसायचा. आधी लिंबाच्या सालीसारखा, मग दुधावरच्या सायीसारखा, आणि माणूस खोलीतून उठून गेल्यावर मागे पिकल्या फळासारखा. घाईच्या माणसांसाठी हे फूल नाहीच, असं थोरली म्हणायची, आणि म्हणताना स्वतः घाईतच असायची.

लोण्याचा दुर्गुण एकच. त्याला निवड नाही. शेजारी जे ठेवाल ते पितं. म्हणून मोसमात घरात कांदा-लसूण तळायचा नाही, वासाचा साबण नाही, पावडर नाही. सुनेचे वडील पहिल्यांदा घरी आले तेव्हा दाढी करून गालाला काहीतरी फासून आले होते. थोरलीने व्याह्यांची खुर्ची फाटकाबाहेर मांडली, चहा फाटकाबाहेर दिला, आणि निरोपही फाटकाबाहेरच दिला. सून अजून ते काढते.

आणि दुसरी गोष्ट फुलाची. त्याच्या पाकळीला बोट लावायचं नाही. लावलं, तर त्या वेळी काही दिसत नाही. पाकळी पांढरीशुभ्र, भोळीभाबडी. मग थोड्या वेळाने जिथे बोट लागलं तिथे चहाच्या डागासारखा तपकिरी ठसा उठतो, आणि ठसा उठला की पाकळी आंबते. म्हणून फूल देठाकडून, पानासकट, कात्रीने तोडायचं, आणि कारखान्यात लाकडी चिमट्याने उचलायचं.

हे फूल देणारं झाड एकच होतं, आणि ते थोरलीचं नव्हतं.

ते कसं, तेही सांगायला हवं. पूर्वी घर एक होतं आणि दोघी जावा एकाच खोलीत लोणी सारवायच्या. धाकटी नवी नवरी, तेव्हा तिच्या आईने दिलेल्या तेलाची बाटली तिच्याजवळ होती. जाईचं वासाचं तेल. एके सकाळी वेणीला चोपडून ती तशीच चौकटींवर वाकली. संध्याकाळपर्यंत सगळ्या लोण्याला न्हाव्याच्या दुकानाचा वास. थोरलीने ती बाटली मोरीत ओतली आणि घरभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "डोक्याला तेल लावण्यापेक्षा डोक्यात काही घालून पाठवायचं होतं तुझ्या आईने."

लोणी नासलं होतं हे खरंच होतं. पण आईचं नाव काढलं की माणूस लोण्याचं ऐकत नाही. बोलणं बंद झालं, चुली वेगळ्या झाल्या, आणि सासऱ्यांनी एक दिवस वाटणी करून टाकली. कारखाना थोरलीला, झाड धाकटीला, मध्ये भिंत. भाऊ-भाऊ काही दिवस भिंतीवरून बोलत राहिले, सिगारेटी बदलत राहिले. मग दोघेही एकामागून एक गेले. भिंत राहिली.

आणि टोपली राहिली. मोसम सुरू झाला की रोज पहाट फुटता फुटता भिंतीपलीकडे शिडीचा आवाज व्हायचा, आणि दोरीला बांधलेली टोपली हळूहळू अलीकडे उतरायची. आत ओलं फडकं, फडक्यावर फुलं, एकमेकांना न टेकता निजलेली. थोरली टोपली सोडवायची, रिकामी करायची, कालचं फडकं बिनवासाच्या सोड्याने धुऊन, घडी घालून परत ठेवायची, आणि दोरीला एक झटका द्यायची. टोपली वर जायची. ना "घे", ना "दिलं". इतकी वर्षं दोघींचं सगळं संभाषण म्हणजे तो झटका.

थोरलीला त्यात नवल कधी वाटलं नाही. फुलं कारखान्याची, झाड नावापुरतं तिचं. वाटणीच्या वेळी सासऱ्यांनी तसं ठरवलं असणार, नाहीतर ती कशाला देईल? आपल्या हक्काचं येतंय, येऊ दे. हक्काच्या गोष्टीला कोण हात जोडतं?

आता यंदाचं ऐका.

मोसम अर्ध्यावर आला होता. मुलगा कामावर गेलेला, थोरली पडवीत चौकटी पुसत बसली होती, तोच आतून सुनेने हाक मारली.

"आई, इकडे या जरा."

"का, साप निघाला?"

"साप बरा होता."

थोरली आत गेली. सून चिमटा हातात धरून उभी. मांडणीवरच्या चौकटींत सकाळी पसरलेल्या पाकळ्या पडल्या होत्या आणि त्यांच्या पाठींवर तपकिरी डाग उठत होते. एका चौकटीत नाही, दुसऱ्या चौकटीत नाही, सगळ्या चौकटींत.

"तू हात लावलास?"

"हा चिमटा आणि ही मी. हात लावायला मला काय पहिला दिवस आहे?" सून म्हणाली. "गेले काही दिवस एखादंदुसरं निघत होतं. मी गुपचूप बाजूला काढत होते, म्हटलं तुमच्या कानावर कशाला घालू, उगाच भिंत हलायची. पण आज सगळीच."

"आधी काढ. सगळ्या काढ. लोण्यात आंबट उतरायच्या आत."

दोघी सासवा-सुना जेवणखाण विसरून पाकळ्या उचलत बसल्या. उचलता उचलता थोरलीच्या तोंडाचा पट्टा सुटला. धाकटीला आत्ताच कशी आठवण झाली. झाड तिचं म्हणून काय फुलं कुस्करून पाठवायची. द्यायची नसतील तर सरळ देऊ नकोस म्हणावं, हे पाठीमागून चिमटे कशाला. सून हो नाही काही म्हणाली नाही. तिला एवढ्या वर्षांत कळलं होतं की सासूबाईंचं बोलणं म्हणजे पंखा असतो, फिरून फिरून आपोआप थांबतो.

पण त्या दिवशी पंखा थांबला नाही. थोरली उठली, फडक्याला हात पुसले, आणि तिने पुतण्याला फोन लावला.

पुतण्याला सगळे टिल्लू म्हणत. दाराच्या चौकटीला डोकं लागेल एवढा उंच झाला, शहरात उंच इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करू लागला, तरी टिल्लूच.

"टिल्लू, तुझ्या आईला जरा विचार, माझ्यावरचा राग फुलांवर कशाला काढते म्हणावं. सगळी फुलं कुस्करून पाठवलीत."

"कुस्करून? मोठीआई, आई तर फुलाकडे बघताना श्वास धरते."

"मग आता सोडलाय. येऊन बघ."

 टिल्लू म्हणाला, "मला संशय होताच. परवा मला फोन लावायचा तर दुधवाल्याला लावून बसली, आणि त्यालाच जेवलास का विचारत होती. मागे आलो तेव्हा साखरेच्या जागी मीठ. हसण्यावारी नेलं. बरं झालं तू सांगितलंस. मी उद्याच येतो, तिला घेऊनच जातो. घराला गिऱ्हाईक कधीचं आहे, ती नाही म्हणते म्हणून अडलंय. आता कुठलंही कारण ऐकणार नाही."

"अरे, मी फुलांचं बोलतेय."

"तेच ना. फुलंसुद्धा सांभाळता येत नाहीत तिला आता," टिल्लू म्हणाला आणि फोन ठेवला.

थोरली फोन हातात धरून उभी राहिली. दगड मारायला गेली होती कावळ्याला आणि काच फुटली होती स्वतःच्याच घराची, असं काहीसं वाटलं. पण ते तिने मनातल्या मनातही पूर्ण बोलून टाकलं नाही. ती परत कारखान्यात आली, "टिल्लू उद्या तिला न्यायला येतोय" एवढंच सुनेला म्हणाली, आणि सकाळी परातीत काढलेल्यांतली, अजून पाकळ्या न सोडवलेली फुलं समोर ओढून बसली.

ती चष्मा पुसून बघू लागली. रागावलेली बाई फूल कशी तोडते? ओरबाडते. एका पाकळीवर अंगठा रुततो, एखादी फाटते. इथे फाटलेली एकही नव्हती. इथे डाग फुलाच्या भोवतीने होते, गोल, हलके, पाचही बोटांचे. ताप आलेल्या लेकराचं तोंड आपण जसं हाताने चाचपतो, तसे. आणि खाली देठाजवळ पुन्हा बोटं, एकावर एक, जसं कुणी देठ कुठे आहे ते शोधत होतं. परातीच्या तळाशी एक न उमललेलं, घट्ट मिटलेलं बोंड होतं, दुसरं एक पार शिळं, पाकळ्या झडायला आलेलं. धाकटीने असलं फूल कधी टोपलीत पडू दिलं नव्हतं.

थोरलीने डोळे मिटले. एक फूल डाव्या हातात घेतलं आणि आंधळ्यासारखं उजव्या हाताने चाचपलं. बोटं थेट त्या डागांवर बसली.

"सूनबाई," ती म्हणाली, आणि तिचा आवाज असा काही निघाला की सून चिमटा टाकून धावत आली. "हिला दिसत नाही गं. ही बाई चाचपून फुलं तोडतेय. शिडीवर चढून."

"अगं बाई. आणि भाऊजी उद्या..."

"माझ्यामुळे येतोय. बोल, बोल. तोंडावर बोल."

"मी कुठे काही म्हणाले?"

"तोंड बघ स्वतःचं. सगळं म्हणतंय."

वाटणी झाल्यापासून थोरलीने धाकटीच्या फाटकाला हात लावला नव्हता. तिला वाटलं होतं, कधी लावायची वेळ आलीच तर चार माणसं बरोबर असतील आणि धाकटी रडत पाया पडत असेल. तसलं काही झालं नाही. फाटक करकरलं, अंगणात एक मांजर बाजूला झालं, आणि झाड होतं तिथेच होतं, जाड, चकचकीत पानांचं, कुणाचंच काही ऐकून न घेणारं.

धाकटी स्वयंपाकघरात पाणी ओतत होती. पेल्याच्या काठावरून एक बोट आत सोडलं होतं. पाणी बोटाला लागलं तशी तिने धार थांबवली. थोरली दारात उभी राहून ते बघत होती.

"कोण?" धाकटी म्हणाली. मान समोर नव्हती, थोडी बाजूला वळवून, कडेने बघत होती.

"तुझा काळ."

"मग बसा, जाऊबाई. काळाला चहा चालतो का?"

थोरलीला हसू आलं, आणि आलेलं हसू गिळावं की नाही हे न कळल्यामुळे तिने खुर्ची ओढली. "कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"माझ्या हातात काय आहे सांग."

"तुमच्या हातात? असेल एखादी काठी."

"माझ्या हातात काही नाहीये धाकटे."

धाकटी खाली बसली. बराच वेळ ती मांडीवरचा पदर सारखा करत राहिली. मग सांगितलं. समोरचं पुसल्यासारखं झालंय. माणूस समोर आलं की तोंडाच्या जागी धुकं. कडेकडेने दिसतं, झाडाचा आकार दिसतो, उजेड दिसतो. फुलं पांढरी, म्हणून गेला मोसम निभावला. यंदा पांढरंही समोर धरलं की विरघळतं.

"डॉक्टरला दाखवलंस?"

"दाखवलं की टिल्लूला कळणार. टिल्लूला कळलं की मी लिफ्टने वर जाणार आणि तिथेच राहणार. त्याच्या घरात खिडकीतून दुसऱ्यांच्या खिडक्या दिसतात. त्याही मला आता दिसणार नाहीत." ती थांबली. "वाईट नाही हो तो. घाबरतो नुसता. आणि मी तिकडे गेल्यावर घर ठेवून काय करेल? आणि घेणारा काय झाडाची पूजा करणार आहे? पहिली कुऱ्हाड तिथेच."

 "तो उद्या येतोय," थोरली म्हणाली. "मी फोन केला. फुलांवर डाग होते. मला वाटलं, मुद्दाम."

ती वाट बघत राहिली, की आता धाकटी बोलेल. इतक्या वर्षांचं सगळं, व्याजासकट. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. थोरलीला भांडण येत होतं.

धाकटी म्हणाली, "डाग होते? किती फुलांवर?"

"सगळ्या."

"मग लोणी?"

"लोणी वाचलं. वेळेवर काढलं सगळं."

"हुश्श," धाकटी म्हणाली, आणि तिचा जीव भांड्यात पडलेला थोरलीला स्पष्ट दिसला. स्वतःचं घर उद्या जाणार हे ऐकून ही बाई पलीकडच्या लोण्याची चौकशी करत होती.

"तू वेडी आहेस का गं? देत कशाला बसलीस मग? चढता येत नाही, दिसत नाही, तर एक झटका देऊन सांगायचं दोरीला, की नाही जमत. सासऱ्यांनी ठरवलं होतं म्हणून काय मरेपर्यंत..."

"काय ठरवलं होतं सासऱ्यांनी?"

"हेच. झाड तुला, फुलं कारखान्याला."

धाकटीने मान वाकडी करून कडेच्या डोळ्याने तिच्याकडे पाहिलं. "असं कुणी सांगितलं तुम्हाला? झाड मला, कारखाना तुम्हाला, भिंत दोघींना. एवढंच झालं होतं. फुलांचं कुणी काही बोललंच नाही."

"मग तू का देत होतीस?"

"आता बघा," धाकटी जरा वैतागूनच म्हणाली. "पहिल्या मोसमात झाड फुललं. मी बघत राहिले. फुलदाणीत किती ठेवणार? संध्याकाळी पिवळी, सकाळी कचऱ्यात. तिकडे तुमच्या चौकटी कोरड्या. त्या फुलांचं जे करायचं ते तुम्हालाच येत होतं, जाऊबाई. तुमच्याशी मी बोलत नव्हते, फुलांशी काय वैर?"

थोरलीने चष्मा काढला आणि पुसत बसली. ती अशी नुसती चष्मा पुसत बसलेली तिच्या सुनेने पाहिली असती तर डॉक्टरला बोलावलं असतं. इतकी वर्षं जे हक्काचं म्हणून दोरीवरून ओढून घेतलं, ते कुणी द्यायला लावलेलं नव्हतं. रोज पहाटे एक बाई शिडीवर चढत होती, स्वतःहून, आणि आपण उत्तर म्हणून दोरीला झटका देत होतो.

धाकटी चहाचं आधण ठेवायला उठली आणि शेगडीसमोर चाचपडू लागली. "सर, हात भाजशील," म्हणत थोरली तिच्यामागे जाऊन उभी राहिली, अगदी जवळ, नाक तिच्या अंबाड्याशी. तेव्हा तिला ते कळलं. थोरलीचं नाक होतं ते. बंद बाटलीतला अर्क कुठल्या मोसमातला ते सांगणारं. त्या नाकाने धाकटीच्या केसांत वास शोधला आणि सापडला नाही. तेलाचा नाही, साबणाचा नाही, शिकेकाईचा नाही, कशाचाच नाही. धुतलेल्या काचेसारखे केस.

"केसांना काय लावतेस?"

"पाणी."

"आणि?"

"आणि काही नाही," धाकटी म्हणाली. "फुलं तोडायची असतात ना."

"मोसम तर थोडाच असतो. बाकीचं वर्ष?"

"सवय लागली."

थोरलीने शेगडी पेटवली. काडी विझवायला तिला जरा जास्तच वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी टिल्लू आला तेव्हा अंगणातला देखावा बघून दारातच थबकला. सून शिडीवर होती, हातात कात्री. खाली आई उभी, मान वाकडी. आणि मोठीआई, जी या अंगणात पाऊल टाकत नसे, ती शिडी दोन्ही हातांनी गच्च धरून ओरडत होती.

"वरचं की खालचं?"

"वरचं उद्या," धाकटी म्हणाली. "त्याला अजून लिंबाचा वास सुटलेला नाही. खालचं घ्या. डावीकडून. पानासकट हं."

"ऐकलंस का? पानासकट!"

"आई, मी शिडीवर आहे, दुसऱ्या गावात नाही," वरून सून म्हणाली.

टिल्लूने पिशवी खाली ठेवली. "काय चाललंय?"

"फुलं तोडतोय. दिसत नाही का तुला? घरात एकीला दिसत नाही तेवढं पुरे," थोरली म्हणाली.

मग बोलणं झालं. टिल्लू रडकुंडीला आला. आईने लपवलं याचा राग, आपल्याला कळलं नाही याची लाज, सगळं एकदम. ती पडली असती तर? कोण होतं इथे? तो म्हणत होता ते खरं होतं, म्हणून थोरली त्याला मध्ये तोडत नव्हती, हेच त्याला विचित्र वाटत होतं. शेवटी तो तिच्याकडेच वळला.

"मोठीआई, कालच तर तू फोन केलास. फुलं नासवली म्हणून किती बोललीस. आज इथे उभी राहून म्हणतेस तिला नेऊ नको."

"काल चुकले," थोरली म्हणाली.

सून शिडीवरून पडता पडता राहिली.

"काल चुकले," थोरलीने पुन्हा म्हटलं, कारण एकदा तोंड वाकडं केलंच आहे तर नीट करावं. "डोळे हिचे गेले आणि दिसत मला नव्हतं."

टिल्लू हट्टाने म्हणाला, "खरं सांग, तुला ही हवीय की झाड हवंय? झाडासाठीच चाललंय ना हे? घर गेलं तर कारखान्याचं काय होईल, म्हणून."

प्रश्न बरोबर होता, आणि टोचणारा होता.  थोरलीने शिडी सुनेच्या भरवशावर सोडली, टोपलीतून एक फूल देठाने उचललं, पानासकट, पाकळीला कुठे न लागता, आणि त्याच्या नाकासमोर धरलं.

"झाड? झाड काय, उभं असतं रे. झाडाने मला एक पाकळी दिली नाही कधी. दिली ती हिने. भिंतीवरून. मी तोंड फिरवून बसले होते तेव्हा. माझा संसार, माझा मुलगा शिकला तो, ही सून आली ती, सगळं हिच्या टोपलीतून आलंय, आणि मी साधं 'बरं' म्हटलं नाही. हक्काचं समजत होते. आता तू हिला नेलंस तर मी ते 'बरं' म्हणू कुणाला?"

 शिडीवर कात्रीचा आवाज झाला.

धाकटी म्हणाली, "मला कुणी विचारणार आहे का? की माझे कानही गेलेत?"

"विचारतो ना आई. तुला काय हवंय?"

"मला इथे राहायचंय. शिडीवर चढणार नाही. डॉक्टरकडे येईन. पण संध्याकाळी घरी."

टिल्लूने अटी घातल्या, लिफ्टवाला तो, दोरखंड तपासल्याशिवाय माणूस आत घालत नाही. शिडी थोरलीच्या अंगणात राहील. डॉक्टर याच आठवड्यात. आणि हाक मारली तर कुणीतरी लगेच यायला हवं. फाटकातून वळसा घालून येईपर्यंत आई पडून राहिली तर?

"वळसा कशाला?" थोरली म्हणाली. "भिंत पाडतेय मी."

"भिंत दोघींची आहे, जाऊबाई," धाकटी म्हणाली. "माझी अर्धी मला विचारून पाडा."

"बरं. पाडू का?"

"पाडा."

भिंत सगळी पडली नाही. एका टोकाला कारखान्याच्या छपराची जड कौलं तिच्यावरच टेकलेली, म्हणून गवंड्याने मधोमध एक दार काढून दिलं. तेच बरं झालं. सगळी पडली असती तर दोघींना दिवसभर एकमेकींची तोंडं बघत बसावं लागलं असतं, आणि एवढं प्रेम कुणाला झेपतं? दाराला कडी नाही. डॉक्टरांनी डोळे तपासले; गेलेलं येणार नाही, आहे ते राखू, म्हणाले. आहे ते राखायला रोज थेंब घालायचे असतात. ते थोरली घालते, आणि घालताना धाकटीला हलू नको म्हणून शिव्याही घालते. टिल्लू रविवारी येतो, मिठाच्या आणि साखरेच्या डब्यांची झाकणं वेगवेगळी करून गेला आहे.

उरलेल्या मोसमात रोज पहाटे तिघी झाडाखाली असत. धाकटी सांगायची, सून तोडायची, थोरली खालून चुका काढायची. एकाही पाकळीवर डाग नव्हता. शेवटची फुलं उतरली, लोणी भरलं, घुसळलं, अर्क गाळून बाटल्यांत गेला. शेवटच्या दिवशी थोरलीने चौकटी धुऊन उन्हात उभ्या केल्या आणि मग दारातून पलीकडे गेली. एका हातात पहिली भरलेली बाटली, दुसऱ्या हातात आणखी एक.

धाकटी पायरीवर बसली होती. "पावलं जड आहेत," ती म्हणाली. "काहीतरी आणलंय."

"पुढे सरक. मला मागे बसायचंय."

थोरली वरच्या पायरीवर बसली आणि अर्काची बाटली तिने धाकटीच्या हातात दिली. तिने धाकटीचा अंबाडा सोडला. केस पाठीवर मोकळे झाले, पांढरे, कोरडे, बिनवासाचे. तिने दुसऱ्या बाटलीचं बूच काढलं, आणि बूच निघताच धाकटीची पाठ ताठ झाली.

"जाऊबाई, हे तर..."

"जाईचं. शोधून आणायला लावलं सुनेला. तुझ्या आईचं होतं तसलं मिळत नाही आता, पण जवळचं आहे."

"अहो, लोणी..."

"लोणी संपलं. आज फुलं नाहीत. आज वास चालतो."

तिने तळव्यावर तेल घेतलं आणि ते केसांच्या मुळाशी जिरवू लागली, बोटांनी हळूहळू, पाचही बोटांनी.

"तुझ्या आईने चांगलं शिकवून पाठवलं होतं तुला," काही वेळाने ती म्हणाली.

धाकटीने मान मागे टाकली. "जरा जोरात चोळा," ती म्हणाली. "इतकी वर्षं कोरडं आहे ते."